आतोबांचं मुडपलेलं बोट

आमच्या आत्याच्या यजमानांनी उभ्या जन्मात दोनच गोष्टींना जीव लावला. एक उकिरड्याच्या कडेला उगवते आणि दुसरी समुद्राच्या तळाशी लोळते. पहिली अळंबी, दुसरी समुद्रकाकडी. तिसरी आमची आत्या. पण आपला नंबर तिसरा आहे हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कळलं, आणि तिने ते ज्या थाटात मान्य केलं त्या थाटात एखाद्या संस्थानच्या राणीनेही सवत मान्य केली नसेल. ‘चालायचंच,’ ती माझ्या आईला म्हणाली, ‘दुसऱ्या बायकांच्या सवती दागिने मागतात. माझ्या सवतींना ओलसर कोपरा दिला की झालं.’

आतोबा सांगलीला एका हायस्कुलात शास्त्र शिकवीत. मी साताऱ्याला नुकताच नोकरीला लागलो होतो आणि चार सुट्ट्या जोडून आल्या की सांगलीला पळायचो. निम्मा आत्याच्या हातच्या आमटीसाठी आणि निम्मा आतोबांचा ताजा पराक्रम ऐकायला. माणूस ताडमाड, पण सदैव जमिनीकडे वाकलेला, त्यामुळे अर्ध्या सांगलीने त्यांचा चेहरा पाहिलेलाच नव्हता. लोक त्यांना टोपीवरून ओळखत. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं. जानव्याला लोक किल्ली बांधतात, आतोबांनी भिंग बांधलं होतं. समोरचा माणूस घरच्या अडचणी सांगत असला तरी हे भिंग काढून त्याच्या कोटाच्या कॉलरवर बुरशी आलीय का ते बघणार, आणि आलेली आढळली की त्या माणसाबद्दलचा त्यांचा आदर एकदम वाढणार. आमच्या वडिलांना ते फारसे मानत नसत. वडील कपडे कडक उन्हात वाळवायचे.

कुठे कृष्णाकाठचा मळा आणि कुठे समुद्राचा तळ, या दोन टोकांची मोट एका माणसाने कशी बांधली, असं विचारलं की आतोबा खुलत. ‘दोघी एकीला झाका नि दुसरीला काढा,’ ते म्हणत. ‘एक दिसते भाजी, पण अंगात हिरवा ठिपका नाही. दुसरी दिसते काकडी, पण आहे प्राणी. एक कुजका पाला खाते, दुसरी समुद्रातला गाळ गिळते, आणि दोघी मिळून जगाचा केर काढतात. मेंदू म्हणाल तर दोघींनाही नाही. मेंदूवाचून जगाला इतका उपयोग! हे आमच्या हेडमास्तरांनी शिकायला हवं.’ समुद्रकाकडी श्वास मागच्या दाराने घेते, हे त्यांनी आत्याला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. नवरा नव्या नवरीशी काय बोलतो याबद्दल आत्याच्या मनात ज्या काही कल्पना होत्या त्यांत हे बसत नव्हतं. पण तीही सातारची. ‘तरीच तुमचं तिच्याशी जमतं,’ ती म्हणाली, ‘सगळंच उलटं.’

समुद्रकाकडी म्हणजे काय हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आतोबांनाही ती ठाऊक होती ती बरणीतली. पुण्याला शिकत असताना त्यांच्या प्रोफेसरांनी निरोपाची भेट म्हणून त्यांना काचेची बरणी दिली होती. आत स्पिरिटमध्ये बुडालेली वीतभर लांबीची, करडी, सुरकुतलेली वस्तू. सांगलीच्या घरात ऊन न लागणारी जागा एकच, आत्याचं लोणच्यांचं फडताळ. तिथे कैरी आणि लिंबू यांच्या मध्ये ही बरणी उभी असे. एकदा वाईहून आलेल्या एका मावशींनी ती उजेडात धरून निरखली आणि म्हणाल्या, ‘मुरलीय छान. पण तेल हात आखडून घातलंस गं.’ आत्याने पापणी न हलवता सांगितलं, ‘यांच्या हातची आहे. मी अजून चव घेतलेली नाही.’

या बरणीपुढे उभे राहिले की मात्र आतोबांचा आवाज बदलायचा. ‘ही मेलेली आहे रे,’ ते मला म्हणत. ‘मुंजीतल्या फोटोवरून म्हाताऱ्याचा स्वभाव सांगावा तसं मी हिच्यावरून सांगतो. ही चालते कशी, वाळू तोंडात भरते कशी, सगळं पुस्तकातलं. मला एकदा जिवंत पाहायचीय. एकदाच. मग काय व्हायचं ते होवो.’ चाळिशी उलटलेल्या या माणसाने तोवर समुद्रच पाहिलेला नव्हता. आत्यानेही नव्हता. आता सांगलीहून रत्नागिरी म्हणजे काही लंका नव्हे. मध्ये एक आंबा घाट. पण त्या घाटाने आतोबांना असं छळलं की रामाला समुद्राने छळलं नसेल.

त्याचं असं व्हायचं. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आतोबा समुद्राकडे निघत आणि दरवर्षी घाटातून परत येत. पाऊस सरलेला, घाट अजून ओलाचिंब, आणि लढाईच्या दिवसांत पेट्रोल नाही म्हणून सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. पाठीवर भलाथोरला बंब घेतलेली ती मोटार वाटेत वरचेवर दम खायला थांबे. थांबली की आतोबा उतरत, उतरले की त्यांना एखाद्या कुजक्या ओंडक्यावर काहीतरी दिसे, आणि ते दिसलं की मोटार निघून जाई. मग उलट दिशेने येणाऱ्या गाडीत बसून, धोतराच्या सोग्यात अळंबी बांधून स्वारी घरी. ‘समुद्र?’ आत्या विचारी. ‘तो कुठे जातोय?’ आतोबा म्हणत, ‘ही उद्या सकाळपर्यंत राहिली नसती.’ असं म्हणून हसत खरे. पण त्या दिवशी जेवायला बसताना फडताळाकडे पाठ करून बसत.

बाकी अळंबीच्या बाबतीत त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. लढाई आली, रेशन आलं, दुकानात किडका जोंधळाही मिळेना झाला, आणि इकडे फलटणपासून इस्लामपुरापर्यंत उसाचं पाचट शेताशेतात जळत होतं. आतोबांचं म्हणणं, हे पाचट भिजवून त्यावर अळंबी उगवायची आणि गरिबाच्या भाकरीला कोरड्यास द्यायचं. त्यासाठी आधी कुठली अळंबी खाण्याजोगी ते ठरायला हवं, आणि ते ठरवायची आतोबांची रीत एकच होती: स्वतः खायची. ओसरीवर मांडी घालून बसायचे आणि खणखणीत आवाजात स्वतःच्या शरीराची हकीकत सांगायचे. ‘जीभ जड होत्येय. नाही, तो मघाचा विडा. पोटात कळ. थांबा, भूकच ती.’ आळीतली मंडळी ऐकायला जमायची, कीर्तनाला जमत नसत तेवढी. आणि आत्या? ती मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन समोर पाटावर बसायची. कपाळावर ठसठशीत ताजं कुंकू. थोडा वेळ वाट बघायची आणि विचारायची, ‘राहताय की जाताय ते सांगा. भात किती टाकायचा ते ठरवायचंय.’ आळीतले लोक या वाक्याला हटकून हसायचे. मी तिच्या जवळ बसायचो म्हणून मला तांब्यातलं पाणी हिंदकळताना दिसायचं.

पाचटावर अळंबी उगवायला पाच-सहा पावसाळे गेले. न्हाणीघर पाचटाने भरलं तेव्हा घरची माणसं नदीवर अंघोळीला जाऊ लागली. अखेर एका सकाळी न्हाणीघराच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी पांढरी डोकी वर आली, आणि आतोबा उघड्या अंगाने रस्त्यावर धावत ‘झालं! झालं!’ असं ओरडत सुटले. त्या घरात मूल नव्हतं. त्यामुळे काय झालं ते लोकांना कळेना आणि विचारायचं धैर्य होईना. आत्याने मात्र त्या अळंबीचं रीतसर बारसं केलं. बायका बोलावल्या, घुगऱ्या वाटल्या, सुंठवडा केला, आतोबांनी ठेवलेलं ते अगडबंब लॅटिन नाव तिने पाचटाच्या कानात सांगितलं. शेजारची एक जण म्हणाली, ‘आमचा पाळणा आणू का गं?’ ‘नको,’ आत्या म्हणाली, ‘पाळणा नको.’ आणि घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आत गेली.

आता बोटाची गोष्ट. आमच्याकडे वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवत नाहीत. दाखवलं तर ती जागच्या जागी कुजते. दाखवायचीच झाली तर बोट मुडपायचं आणि पेराने दाखवायची. आत्या हे काटेकोर पाळायची. काकडीला पाळायची, भोपळ्याला पाळायची, न्हाणीघरातल्या अळंबीलाही पाळायची. आतोबांच्या शास्त्राला हे झोंबायचं. ‘बोटातून काय विष उडतं का गं?’ शेवटी त्यांनी मागच्या परसात प्रयोग मांडला. वेलाच्या डावीकडच्या काकड्यांना रोज सकाळी चांगलं ताठ बोट रोखून दाखवायचं, उजवीकडच्यांना मुडपून. सगळा पावसाळा हा माणूस सकाळी उठून काकड्यांवर बोटं रोखत उभा असे. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं मास्तर वर्ग घेताहेत. आणि निकाल काय लागावा? ताठ बोटाच्या काकड्या उजव्यांच्या दुप्पट! आतोबांनी आळीभर काकडीची कोशिंबीर वाटली आणि अंधश्रद्धेचा पाडाव जाहीर केला. मी आत्याकडे बघितलं. ती खाली बघून दाणे कुटत होती. नंतर मला म्हणाली, ‘बिचाऱ्या. रोज बोट दाखवून घेतायत. मी आपलं त्यांना शेणखत नि दोन तांबे पाणी जास्त घालत होते.’ हे आतोबांना कधी सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. मी एवढा तोंडाळ माणूस, पण ही शपथ पाळली.

बेचाळीसनंतर आमच्या भागातल्या उसाला कान फुटले. उसात भूमिगत पोरं आणि उसाबाहेर पोलीस, असे ते दिवस. अशात इस्लामपूरकडच्या एका शिवारात पहाटेच्या धुक्यात आतोबा हातात सुरी आणि टोपली घेऊन वाकून चाललेले. उसातून चौघे जण पुढे आले.

‘थांब! कोन हाय? कुनाचा मानूस तू? फौजदाराचा?’

‘मी अळंबीचा,’ आतोबांनी खरं ते सांगितलं.

‘ह्यो कोन नवा साहेब आला रं, अळंबी?’

मग आतोबांनी सांगायला सुरुवात केली. अळंबीची छत्री म्हणजे नुसतं फळ, खरं झाड जमिनीखाली धाग्यांचं, ते कसं पसरतं, कसं अंधारात वाढतं, वेळ आली की कसं एका रात्रीत वर येतं. भूमिगतांना आधी बरं वाटलं. त्यांना वाटलं आपल्याबद्दलच बोलतोय. पण सूर्य वर आला तरी आतोबा धाग्यांतच. अखेर त्यांच्यातला थोरला हात जोडून म्हणाला, ‘गुरुजी, तुमी जावा आता. सोडा रं ह्यास्नी! आनखी घटकाभर बोललासा तर मीच फौजदाराकडं जाऊन हजर व्हतो.’ जाताजाता मागून हाकही मारली, ‘आवं गुरुजी, त्या वड्याकडच्या वारुळावर बगा. लय येत्यात.’ आतोबा पुढे कित्येक वर्षं सांगत, की स्वातंत्र्याच्या चळवळीचं शास्त्राला झालेलं साहाय्य कोणी लिहून ठेवलं नाही.

असं सगळं चाललं होतं आणि समुद्र मात्र होता तिथेच होता. लढाई संपली, आणि संपल्यावरची दुसरी दिवाळी आली. त्या वर्षी आत्याला अधूनमधून ताप येई. ती ‘कसर आहे’ म्हणून काढा घेई आणि कामाला लागे. मी पाडव्याला गेलो होतो. आतोबा नेहमीप्रमाणे नुसत्या स्पिरिटची दुसरी बरणी पंच्यात गुंडाळत होते. आत्या हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘या वर्षी मी येते. मलाही बघायचाय समुद्र. आणि तूही चल रे, धरायला एक माणूस हवं.’

‘काय धरायला?’ मी विचारलं.

‘यांना.’

घाटाच्या माथ्याशी मोटार थांबली तेव्हा त्या धरण्याचा अर्थ कळला. आत्याने पिशवीतून आतोबांचं धुतलेलं उपरणं काढलं, चौपदरी केलं आणि म्हणाली, ‘डोळे मिटा.’ आणि भर मोटारीत नवऱ्याच्या डोळ्यांवर करकचून पट्टी बांधली. ‘घाट उतरेपर्यंत सोडायची नाही. समुद्र बघायचाय ना? मग मध्ये काही बघायचं नाही.’ चूक पकडली गेलेल्या पोरासारखे आतोबा मांडीवर हात ठेवून बसले.

समोरच्या बाकावर लढाईवरून परतलेला एक हवालदार होता. तो वाकून म्हणाला, ‘बाई, ह्यास्नी डोळं आल्यात व्हय?’

‘आले नाहीत,’ आत्या म्हणाली. ‘फार आहेत.’

मग त्याला सगळं सांगावं लागलं. समुद्रकाकडीचं वर्णन ऐकल्यावर हवालदाराने मांडीवर थाप मारली. ‘आरं तिच्या! म्या बगितलीया की. सिंगापुरात. चिन्याच्या दुकानात वाळवून पोत्यानं भरल्याली. खाल्लीया पन.’

आतोबांनी आंधळ्यासारखे हात चाचपडत त्याचा हात पकडला. ‘खाल्लीत? कशी लागते? सांगा, कशी लागते?’

कमरेच्या पट्ट्यावरून हात फिरवत हवालदार म्हणाला, ‘आता काय सांगू मास्तर. भूक लागल्याली. तवा कमरंचा पट्टा शिजवून दिला आस्ता तरी ग्वाड लागला आस्ता.’ आतोबांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

आणि मग घाट लागला. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण ही थाप नव्हे: त्या वर्षी आंब्याच्या घाटात अळंबी अशी आली होती की जणू कोणी डोंगरावर तांदूळ सांडले होते. पांढरी, पिवळी, केशरी, ओंडक्यांवर थरावर थर, बांधावर रांगाच्या रांगा. मोटार थांबायची, आणि आतोबा नाक वर करून कुत्र्यासारखा वास घ्यायचे. ‘डावीकडे आहे काहीतरी. आहे ना? अगं, वास येतोय.’

‘काही नाही हो,’ आत्या म्हणायची, ‘नुसते दगड.’

‘उजवीकडे?’

‘माकडं बसलीयत.’

आत्या खोटं बोलल्याचं मी जन्मात तेवढंच ऐकलं. सगळा घाट ती खोटं बोलत होती, एका हाताने आतोबांचं मनगट धरून, आणि खिडकीबाहेरची ती पांढरी रांग बघून तिचे डोळे वाहत होते. हवालदाराने तोंड दुसरीकडे फिरवलं.

रत्नागिरीच्या पुढे एका खेड्यात आतोबांचा जुना विद्यार्थी होता, त्याच्याकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागल्यावर कातळावर गेलो. ज्या समुद्रासाठी हा माणूस इतकी वर्षं झुरला, त्याच्याकडे त्याने शपथेला नजर टाकली नाही. समुद्राला पाठ, धोतर वर खोचलेलं, आणि कातळातल्या डबक्याडबक्यात भिंग. समुद्र बघितला तो आत्याने. कितीतरी वेळ उभी होती. मग म्हणाली, ‘एवढा असतो?’ जरा थांबून, ‘आणि आपण इतकी वर्षं तांब्याने पाणी घालत बसलो.’ मग तीही पदर खोचून डबकी बघू लागली. बघता बघता एका डबक्याशी थांबली. कमरेत वाकली आणि उजव्या हाताचं बोट मुडपून म्हणाली, ‘अहो. हे काय ते? काळं, दोडक्यासारखं.’

आतोबा आले. वाकले. पाणी नितळ होतं. तळाशी ती होती, गुबगुबीत, काळसर, अंगावर बारीक गाठी. एका टोकाला झुपकेदार हातांसारखं काहीतरी बाहेर येत होतं, वाळू चिवडत होतं, एकेक हात तोंडात घालून बोटं चाटल्यासारखं करत होतं. ती चालत होती. इतकी सावकाश, की आधी ती हलली की आपण, असं वाटावं. आतोबांच्या तोंडून हुंदका आला की हसू, मला ठरवता आलं नाही. ‘हात चाटतेय,’ ते म्हणाले. ‘बघितलंस? जेवतेय गं ती.’

मग त्यांनी बोट पुढे केलं. ताठ. पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांना तोंडपाठ होतं. मला त्यांनी ते शंभरदा ऐकवलं होतं. पण त्या क्षणी ते मास्तर नव्हते. बोट पाण्यात गेलं आणि तिच्या पाठीला लागलं. जरा जास्तच लागलं असेल. ती आक्रसली, घट्ट झाली, आणि दुसऱ्या टोकातून पांढरे चिकट धागे बाहेर आले, आणि त्यांच्यामागून तिच्या पोटातलं सगळं. नितळ पाणी गढूळ झालं.

आत्या ‘म्हटलं नव्हतं?’ असं म्हणाली नाही. मी पैजेवर सांगितलं असतं की म्हणेल. ती त्यांच्या शेजारी ओल्या कातळावर बसली.

‘मेली?’

‘नाही,’ आतोबा म्हणाले. ‘घाबरली की आतडी टाकते. पुन्हा नवी उगवतात. पुस्तकात आहे.’

‘किती दिवसांत?’

‘आठवडे लागतात. महिनेसुद्धा.’

आत्याने पदराने पाय झाकून घेतले. ‘मग थांबू या,’ ती म्हणाली.

तिला खरंच थांबायचं होतं. सोमवारी शाळा होती, घरी पाचट वाळत होतं, अंगात कसर होती, आणि ती एका डबक्याशी महिनाभर बसायच्या तयारीने बसली होती. पाणी चढायला लागेपर्यंत ती दोघं तिथेच होती. डबकं बुडालं, कातळ बुडाला, मी दोघांना हाताला धरून मागे आणलं. बरणी पंच्यातून निघाली ती रिकामी व्हायलाच. तिच्यातलं स्पिरिट आतोबांनी वाळूत ओतून टाकलं.

परतताना घाट लागायच्या आत आतोबांनी आपण होऊन उपरणं काढलं आणि स्वतःच डोळ्यांवर बांधून घेतलं. ‘आता काही बघायचं नाही,’ म्हणाले. मोटार चढू लागली. जरा वेळाने आत्या म्हणाली, ‘अहो, डावीकडे बघा. पांढरी आलीयत, केवढाली, वाटीएवढी.’ आतोबा हलले नाहीत. ‘उजव्या हाताला केशरी आहेत. कानासारखी. ओंडका भरून.’ पट्टी काही सुटली नाही. मग सगळा घाट ती त्यांना एकेक अळंबी सांगत आली, रंग कुठला, देठ केवढा, छत्रीला खालून रेघा आहेत की नाहीत, सगळं पद्धतशीर. इतक्या वर्षांत ती हे सगळं शिकली होती हे मला तेव्हा कळलं; आतोबांनाही बहुधा तेव्हाच. आणि पट्टी बांधलेल्या माणसाला दाखवतानासुद्धा तिचं बोट मुडपलेलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. ताप उतरलाच नाही. पाचट त्या वर्षी कोणी भिजवलं नाही. समुद्रावरून रिकाम्या आलेल्या बरणीत ती मीठ ठेवू लागली होती; ते मीठ ओलं होऊन तसंच राहिलं. आतोबांनी अळंबी खाऊन बघणं सोडलं. आळीतल्या लोकांना वाटलं, वय झालं. मला विचाराल तर ओसरीवर समोर पाटावर बसून, भात किती टाकू, असं विचारणारं कोणी राहिलं नव्हतं, आणि त्याशिवाय त्या प्रयोगाला अर्थ नव्हता.

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना तिला घेऊन मी सांगलीला गेलो. आतोबा परसात बसले होते. वेल आपोआप उगवून कुंपणावर चढला होता. मी बसलो तसे म्हणाले, ‘तिची उगवली असतील ना रे आता?’ कोणाची, हे मला विचारावं लागलं नाही.

‘कधीच उगवली असतील, आतोबा. आता पहिल्यासारखी जेवत असेल.’

‘हात चाटत असेल.’

‘चाटत असेल.’

मग त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावर झोपलेल्या पोरीकडे गेलं. उठून जवळ आले. जानव्याचं भिंग काढतील असं मला वाटलं. पण त्यांनी उजवा हात पुढे केला, बोट मुडपलं आणि पेराने तिच्याकडे दाखवत हलकेच विचारलं, ‘हिचं नाव काय ठेवलंत?’

मी सांगितलं. ते माझ्या आत्याचं नाव होतं. मग माझ्यातला वाचाळ माणूस गप्प बसेना. मी म्हणालो, ‘हे काय आतोबा, तुम्ही आणि बोट मुडपून? शास्त्रात पुरावा आहे का याला?’

‘पुरावा नाही,’ आतोबा म्हणाले. बोट तसंच मुडपलेलं होतं. ‘पण ताठ बोटाचा प्रयोग माझा त्या डबक्यात एकदा करून झालाय.’